दोन खोकी आणि पाच चिठ्ठ्या

माणसाच्या मनातलं काढून घ्यावं तर ते मी! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझा धंदाच तो आहे. नवीन वस्तू बाजारात आणण्याआधी कंपन्या आमच्याकडे येतात. आम्ही आठ माणसं एका खोलीत बसवतो, चहा-बिस्किटं देतो आणि दोन तास त्यांना बोलतं करतो; याला आम्ही ‘ग्रुप’ म्हणतो. किती जण घेतील, कितीला घेतील, हे मोजणारे लोक वेगळे. आम्ही मोजत नाही, आम्ही ‘का’ विचारतो. तेही सरळ नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं हीच आमची कला. खोलीची एक भिंत काचेची असते. आमच्या बाजूने तो आरसा, पलीकडून खिडकी. पलीकडे अंधारात कंपनीची माणसं बसून बघत असतात. ती बसलीत हे आम्ही आठही जणांना आधीच सांगतो. मग पहिली पाच मिनिटं सगळे पोट आत घेऊन बसतात, आणि नंतर विसरतात.

ग्रुपला बोलतं करणाऱ्या या मॉडरेटरच्या खुर्चीवर मी सुखासुखी आलेले नाही. आधीची पाच वर्षं मी कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या ग्रुपची रेकॉर्डिंग टाईप करत होते. कोण खोकलं तेही टाईप करायचं. पण पाच वर्षं नुसतं ऐकल्यावर माणसाला जे कळतं ते पुस्तकात नसतं. त्यातून मी माझे दोन नियम काढले आणि त्यांचा मला भलताच अभिमान होता.

नियम पहिला: ज्या वस्तूवर चर्चा करायची ती मॉडरेटरने आधी बघायची नाही. बघितली की मत होतं, आणि मत झालं की ते आवाजात उतरतं. म्हणून माझ्या ग्रुपमध्ये खोकं सगळ्यांसमोर फुटतं आणि मीही ती वस्तू त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा बघते.

नियम दुसरा: काचेपलीकडून चिठ्ठी आली तर न वाचता खिशात घालायची. कारण जगातला प्रत्येक क्लायंट एकच चिठ्ठी लिहितो: ‘विकत घेतील का, विचारा.’ अहो, हे विचारलं की माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो. लग्नाच्या स्थळाला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणतं?

तर असे हे दोन नियम. यांनीच माझा घात केला.

त्या वेळचे क्लायंट होते बादलीवाले साहेब. घरगुती प्लॅस्टिकच्या वस्तूंचा मोठा कारखाना, आणि स्वभाव महासंशयी. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी त्यांच्या नव्या बादलीची चोच कुणीतरी चोरली होती, म्हणजे तश्शीच चोच दुसऱ्याच्या बादलीला लागून बाजारात आली होती. त्यामुळे या वेळी त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, “वयस्क माणसांच्या रोजच्या वापराची वस्तू आहे. एकच नमुना बनवलाय, हाताने, सहा महिने खपून. ग्रुप होईपर्यंत कुणी बघायचा नाही.”

“मी तर बघतच नाही,” मी म्हटलं. साहेब खूश झाले.

आमच्या मॅडम मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एवढा मोठा क्लायंट पहिल्यांदाच तुझ्या हातात देतेय. बिघडवलंस तर लक्षात ठेव, तुझे हेडफोन मी अजून कपाटात जपून ठेवलेत.”

आदल्या दिवशी संध्याकाळी खोकं आलं. बुटाच्या खोक्याएवढं, तपकिरी, चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि वर काळ्या शाईत ‘उघडू नये’. सकाळी घरूनच थेट ग्रुपला जायचं होतं म्हणून मी ते घरी नेलं आणि दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवलं. म्हणजे विसरायला नको.

आता घरात कोण कोण असतं ते सांगते. नवरा फिरतीवर असतो, त्याला सोडून द्या. नऊ वर्षांची लेक. तिची दोरीवरच्या उड्यांची दोरी महिन्याभरापासून सापडत नव्हती आणि तिचा आम्हा सगळ्यांवर संशय होता. आणि माझे सासरे, बाबा. पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर सकाळी बूट-मोजे चढवून बागेला तीन फेऱ्या, हा नेम. गेल्या पाच-सहा महिन्यांत मात्र तो नेम मोडला होता. दिवसभर मागच्या गॅलरीत बसून करवतीने काहीतरी कापत असायचे.

“बाबा, फिरायला जा की,” मी रोज म्हणायची.

“उद्या जातो.”

“आळस बरा नाही हं या वयात.”

“बरोबर आहे तुझं, सूनबाई,” असं म्हणून ते पुन्हा करवत हातात घ्यायचे. बाबांच्या तोंडून एका वेळी पाचाहून जास्त शब्द काढायला पक्कडच लागायची.

सकाळी माझी नेहमीची घाई. लेकीची वेणी, डबा, रिक्षा खाली उभी. कपाटावरचं ‘उघडू नये’ लिहिलेलं खोकं उचललं आणि पळाले. त्याच्यामागे तस्संच आणखी एक खोकं असेल, त्याच्यावरही ‘उघडू नये’ लिहिलेलं असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दहाला ग्रुप सुरू झाला. आठ जण, सगळे साठीच्या पुढचे. त्यातले चौघं पहिल्या पाच मिनिटांतच ठसठशीत उठून दिसले. एक निवृत्त मुख्याध्यापिका, आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवलं. एक शिंपीकाका. एक निवृत्त नर्सबाई. आणि कोपऱ्यात काठी घेऊन बसलेले एक निवृत्त पोस्टमन, त्यांनी नाव सांगितलं आणि गप्प बसले. काचेपलीकडे बादलीवाले साहेब, त्यांचा डिझाइनवाला आणि आमच्या मॅडम.

मी खोकं फोडलं. आतून निघाला उभा चिरलेला पांढऱ्या पाइपचा तुकडा, वीत-दीड वीत लांब, पन्हळीसारखा. एका टोकाला दोन भोकं. त्यांतून ओवलेली लांबलचक दोरी आणि दोरीच्या दोन्ही टोकांना लाल लाकडी मुठी.

माझ्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मनात म्हटलं, बादलीवाल्यांनी या वेळी कमालच केली.

“बघा, हाताळा,” मी म्हटलं. “हे काय असेल असं वाटतं? बरोबर-चूक काही नाही.”

“बरोबर-चूक असतंच,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “ही पन्हळ आहे. कुंड्यांना पाणी घालायची.”

“मग दोरी कशाला?” शिंपीकाका.

“दोरी गळ्यात. हात मोडल्यावर आधार म्हणून,” असं म्हणत नर्सबाईंनी तो पाइप शिंपीकाकांच्या कोपराखाली सरकवला आणि दोरी त्यांच्या गळ्यात अडकवली. “बघा, छान बसलाय.”

“छान काय, मुठी गुडघ्यांवर आपटतायत,” काका म्हणाले. पण काढेनात.

तेवढ्यात दार उघडून आमच्या चहावाल्या मावशी आल्या. ट्रेमध्ये चहा, बशीखाली चिठ्ठी. दहा मिनिटांतच! मी हसून ती न वाचता खिशात घातली. दुसरी चिठ्ठी आली बिस्किटांबरोबर. तिसरी आली तेव्हा ट्रेमध्ये दुसरं काहीच नव्हतं. मावशी माझ्या कानाशी लागल्या, “ताई, साहेब उभे राहिलेत.”

“बसतील,” मी म्हटलं. तीही खिशात.

मग काचेवर ठकठक झाली. आठही माना आरशाकडे वळल्या. “पलीकडे जरा काम चालू आहे,” असं सांगून मी माझं हुकमी पान काढलं. “समजा, ही वस्तू माणूस असती, तर कोण असती?”

हसू नका. आमच्या धंद्यात हे विचारतात आणि यातून खरं बाहेर पडतं.

“माझा थोरला भाऊ,” शिंपीकाका लगेच म्हणाले. “दिसायला ओबडधोबड. पण रात्री-अपरात्री हाक मारा, येणार.”

“शेवटच्या बाकावरचा मुलगा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पेपर कोरा देतो. पण शाळेची घंटा बिघडली की शोधाशोध त्याचीच.”

नर्सबाईंनी काकांच्या गळ्यातून दोरी काढून मूठ हातात घोळवली. “हा फार कमी बोलणारा माणूस आहे. घरात कोपऱ्यात बसून काहीतरी करत असतो. त्याला काय हवंय ते कुणी विचारलेलंच नाही.”

“का, असं का वाटलं?” मी सवयीने विचारलं.

“हे किती निगुतीने केलंय बघा. मूठ नीट घासलीय. आणि यावर चांदणी कुणी चिकटवलीय?”

त्यांनी मूठ माझ्यापुढे धरली. लाल मुठीवर चंदेरी चांदणी. तिचा एक कोपरा कुरतडलेला.

ती चांदणी मी ओळखत होते! एका दमात शंभर उड्या मारल्या म्हणून माझ्याच लेकीला मी ती बक्षीस दिली होती, आणि तिनेच ती मुठीवर चिकटवून दातांनी कुरतडली होती.

माझी पाचावर धारण बसली. म्हणजे हे बादलीवाल्यांचं नाहीच. हे बाबांचं. मग बादलीवाल्यांचं कुठे आहे? आणि खिशात तीन चिठ्ठ्या. त्यांत काय असेल ते आता न वाचताही दिसत होतं. ग्रुप थांबवावा तर माझं पितळ उघडं पडणार, चालू ठेवावा तर कशावर? डोळ्यांसमोर मॅडमचं कपाट आलं. कपाटातले हेडफोन आले. हेडफोनमध्ये मला माझाच खोकला ऐकू आला.

मी थांबवलं नाही. धाडस म्हणून नव्हे, तोंडातून शब्दच फुटत नव्हता म्हणून. आणि मॉडरेटर गप्प बसला की खोलीतला सगळ्यात गप्प माणूस बोलतो, हे खरंय.

“ते जरा इकडे देता का?” कोपऱ्यातले पोस्टमन म्हणाले.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. टाचेने टाच दाबून एका पायातला बूट काढला आणि काठीच्या टोकाने मोजा ओढून काढला. मग तो मोजा त्या पन्हळीवर चढवला, उशीला अभ्रा घालतात तसा. दोन्ही मुठी धरून पाइप जमिनीवर सोडला, पाऊल आत सरकवलं आणि दोरी ओढली. पाइप सर्रकन निघून वर आला. मोजा पायात होता. पोस्टमन खुर्चीत ताठ बसलेले होते, जराही वाकलेले नव्हते.

शिंपीकाकांनी खुर्ची जवळ ओढली.

“पाच महिने,” पोस्टमन पायाकडे बघत म्हणाले. “पाच महिने झाले, कंबर वाकत नाही. आजचे हे मोजे चढवायला पाऊण तास लागला, रोज कुठून जमणार? आजचे हे मोजे चढवायला पाऊण तास लागला, रोज कुठून जमणार? आयुष्यभर चालण्याचं काम केलं, आणि आता मोज्यावाचून घरात बसलोय.”

“घरी कुणाला सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“काय सांगायचं? मला मोजा घालून दे, असं? सून चांगली आहे हो. रोज म्हणते, फिरायला जा. मी म्हणतो, उद्या.”

तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन नियमांत ते बसत नव्हतं, पण आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ‘का’ विचारण्याचा पगार घेते मी. आणि घरच्या माणसाला सहा महिने नुसतं ‘जा की’ म्हणत होते, एकदाही ‘का जात नाही’ म्हणून विचारलं नव्हतं.

पुढे माझी गरजच उरली नाही. शिंपीकाकांनी बूट काढले. नर्सबाईंनी रांग लावली, मुख्याध्यापिकांनी ती सरळ केली. “कडा टाचेला लागतेय,” काका म्हणाले, “आतून अस्तर हवं.” “दोरी वीतभर कमी चालेल.” “रंग मात्र हाच ठेवा, लाल सापडतो पटकन.” दोन तास संपले तेव्हा आठही जण दोन-दोन वेळा मोजे घालून बसले होते. मधल्या वेळेत आणखी दोन चिठ्ठ्या आल्या, त्याही खिशात गेल्या. जाताना पोस्टमन मला म्हणाले, “बाजारात कधी येणार, कळवाल ना?” मी मान हलवली. खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मग मी काचेपलीकडच्या खोलीत गेले. तिघंही उभे.

“हे आमचं नाही,” बादलीवाले साहेब म्हणाले.

“माहीत आहे.”

“हे पहिल्यापासून तेच म्हणत होते,” मॅडम खाली बघत म्हणाल्या. “मला वाटलं, लोकांची मतं ऐकून म्हणतायत. सगळेच म्हणतात. मीच त्यांना हाताला धरून बसवलं.”

“मग कुणाचं आहे?” साहेब माझ्याजवळ आले. आवाज खाली आला होता. चोच चोरीला गेलेल्या माणसाचा असतो तसा. “खरं सांगा. कुठली कंपनी?”

“माझे सासरे.”

“कुठे असतात?”

“गॅलरीत.”

मग एकदम आठवून त्यांचा डिझाइनवाला किंचाळला, “अहो, पण आपला नमुना कुठाय?”

मी घरी फोन लावला. “बाबा, कपाटावर अजून एक खोकं होतं का?”

“होतं की. मीच ठेवलं होतं. तुझ्या खोक्यावरची सूचना मला आवडली, मीही तशीच लिहिली. छोटीने उघडू नये म्हणून. दोरी तिची आहे ना.”

बाबा एका दमात एवढे शब्द बोलले यातच काहीतरी गडबड आहे हे मला कळायला हवं होतं.

“आता कुठाय ते?”

“कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडे शिवायला दिलंय.”

“शिवायला!”

“कडा टोचतात, रेग्झिन लावून दे म्हटलं, आणि खोकं तसंच बंद ठेवून आलो. त्याला फार चौकशा असतात.”

चौघं एका गाडीत बसून बॅगवाल्याच्या टपरीवर पोचलो. वाटेत साहेबांनी सांगितलं की त्यांचा नमुना म्हणजे बरण्यांची घट्ट झाकणं उघडायचा चिमटा होता. दाते असलेला. सहा महिने त्या दात्यांवरच गेले होते. आधी घसरायचे म्हणून धारदार केले, तरी घसरायचे म्हणून आणखी धारदार केले.

बॅगवाल्याने आम्हाला बघून शेवटचा टाका मारला, दोरा दातांनी तोडला आणि चिमटा पुढे केला. एकूण एक दात्यावर काळं रेग्झिन, वर दुहेरी शिलाई.

“कडा फारच टोचत होत्या हो,” तो म्हणाला. “माणसाच्या वापराची वस्तू ना ही? अशी करतात का?”

डिझाइनवाल्याने भिंतीला टेकून डोळे मिटले. साहेब टपरीतल्या फळकुटाकडे गेले. तिथे बॅगवाल्याची खळीची बरणी होती, झाकण सुकून चिकटलेलं. त्यांनी चिमटा लावला आणि फिरवला.

झाकण उघडलं. अगदी अलगद, चहाच्या कपावरची बशी उचलावी तसं.

साहेबांनी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी बॅगवाल्याने बरणी काढून घेतली.

त्या संध्याकाळी मी खिशातल्या पाचही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. पहिली: ‘हे आमचं नाही.’ दुसरी: ‘थांबवा, हे आमचं नाही!’ तिसरी: ‘मग हे आहे तरी काय?’ चौथी: ‘पोस्टमनना परत करून दाखवायला सांगा.’ आणि पाचवी, तिरक्या घाईच्या अक्षरात: ‘विकत घेतील का, विचारा.’

बाबांना मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन नुसतं विचारलं, “बाबा, कंबर किती दिवसांपासून दुखतेय?” त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, “चल, दाखवतो.” आणि त्यांनी दोन्ही मोजे घालून दाखवले. त्या दिवशी बागेला तीन नाही, चार फेऱ्या झाल्या. चौथी मी थकले म्हणून हळू झाली. लेकीला नवी दोरी मिळाली, आणि जुनीत आपला वाटा असल्याचं तिने जाहीर केलं.

बादलीवाल्यांनी मोज्यांचं यंत्र बाबांच्या नावाने करायला घेतलं. आत अस्तर, दोरी वीतभर कमी, मुठी लालच. माझी खुर्ची टिकली. आणि मी माझे दोन्ही नियम मोडीत काढले. आता खोकं आधी उघडून बघते, आणि चिठ्ठी आली की वाचते.

गेल्या आठवड्यात सुधारलेल्या यंत्राचा ग्रुप झाला. काचेपलीकडे साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बाबा, इस्त्रीचा शर्ट, बूट-मोजे. मला एवढा अभिमान वाटत होता की विचारू नका. म्हटलं, आज पहिल्यांदाच काचेच्या पलीकडे एक असा माणूस बसलाय, ज्याला खरंच जाणून घ्यायचंय. वीस मिनिटांनी मावशी ट्रे घेऊन आल्या. बशीखाली चिठ्ठी, बाबांचं फिटरचं सरळ, टोकदार अक्षर. नक्की कडेबद्दल काहीतरी असणार, किंवा दोरीबद्दल. मी अधीरपणे उघडली.

‘सूनबाई, विकत घेतील का, विचार.’

मी घडी घातली आणि चिठ्ठी खिशात टाकली.